काट्यावर किलो, पट्टीवर क्विंटल: व्हॅल्यू कन्व्हर्टर नीट समजून घेताना

नागपूरच्या कळमना बाजारात तुरीची गाडी काट्यावर चढली की काटा किलोत बोलतो. समजा, ४,७३५. बोली मात्र क्विंटलच्या भावानं लागते आणि शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, वजन ४७.३५ क्विंटल असं येतं. माल तोच, पोती तीच, फक्त आकडा लिहायची रीत बदलली. अडत्याच्या गादीवर बसलेला मुनीम हा हिशेब दिवसभर मनातल्या मनात करत असतो. पट्टी संगणकावर करायची तर हे काम कुणावर तरी सोपवावं लागतं. डब्ल्यूपीएफसारख्या, विंडोजवरचे प्रोग्राम बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत ते ज्याच्याकडे जातं, त्याला व्हॅल्यू कन्व्हर्टर म्हणतात.

डब्ल्यूपीएफ २००६ साली डॉट नेट फ्रेमवर्क ३.० बरोबर आलं. त्यात पडदा घोषणात्मक पद्धतीनं लिहितात. खोकं कुठं काढायचं, त्यात मजकूर कधी भरायचा, हे पायरीपायरीनं सांगायचं नाही. झॅमल फाइलीत, म्हणजे पडद्याचं वर्णन असलेल्या फाइलीत, एवढंच लिहायचं की या टेक्स्टबॉक्समध्ये या पट्टीचं वजन दिसू द्या. हे नातं म्हणजे बाइंडिंग. त्याच्या एका टोकाला माहिती असते, तिला सोर्स म्हणतात. दुसऱ्या टोकाला पडद्यावरच्या घटकाचा एखादा गुणधर्म असतो, तो टार्गेट. माहिती बदलली की पडदा बदलतो, आणि बाइंडिंग दुतर्फा असेल तर पडद्यावर टाइप केलेलं माहितीत जातं.

दोन्ही टोकांना एकाच प्रकारची किंमत असेल तोवर काही अडत नाही. अडतं ते इथं: माहितीत किलोचा पूर्णांक आहे, पडद्यावर क्विंटलचा मजकूर हवा. माहितीत ‘उधारी आहे का’ याचं हो किंवा नाही आहे, पडद्यावर एक खोकं दिसायला किंवा लपायला हवं. माहितीत तारीख आहे, पडद्यावर रंग हवा. अशा ठिकाणी बाइंडिंगच्या मधोमध एक छोटा क्लास बसवतात. तो आयव्हॅल्यूकन्व्हर्टर हा इंटरफेस पाळतो आणि त्यात दोनच मेथड असतात. कन्व्हर्ट माहितीकडून पडद्याकडे नेते, कन्व्हर्टबॅक पडद्याकडून माहितीकडे आणते.

(या लेखात सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत. संपादकात ती अर्थातच रोमन स्पेलिंगनं टाइप करायची.)

बसवायचा कसा

आधी क्लास लिहा. त्याला किलोतेक्विंटल असं नाव द्या, म्हणजे नावावरूनच दिशा कळते. कन्व्हर्टला चार गोष्टी मिळतात: मूळ किंमत, टार्गेटला कुठला प्रकार हवा आहे ते, एक ऐच्छिक पॅरामीटर, आणि कल्चर. कल्चर म्हणजे कुठल्या भाषा-प्रदेशाच्या रीतीनं आकडे-तारखा लिहायच्या त्याची माहिती. कन्व्हर्टबॅकला याच चार गोष्टी उलट्या दिशेनं मिळतात. आपल्या उदाहरणात कन्व्हर्ट १०० नं भागते आणि कन्व्हर्टबॅक १०० नं गुणते.

मग झॅमल फाइलीच्या माथ्यावर त्या क्लासचं नेमस्पेस जाहीर करा. विंडोच्या रिसोर्सेसमध्ये त्या क्लासचा एक नमुना ठेवून त्याला की द्या. शेवटी बाइंडिंगमध्ये पाथच्या पुढे कन्व्हर्टर लिहून स्टॅटिकरिसोर्सनं त्या कीकडे बोट दाखवा. अनेक खिडक्यांत वापरायचा असेल तर रिसोर्स ॲप झॅमलमध्ये ठेवलेला बरा. काही जण क्लासला मार्कअपएक्स्टेन्शनपासून जन्म देतात आणि प्रोव्हाइडव्हॅल्यूमधून स्वतःलाच परत करतात. मग रिसोर्समध्ये नोंद करावी लागत नाही. दोन्ही चालतं.

स्टॅटिकरिसोर्स वापरण्याच्या ओळीच्या आधी जाहीर झालेला असावा लागतो, खाली लिहिलेला त्याला सापडत नाही. शिवाय बाइंडिंगचा कन्व्हर्टर हा डिपेंडन्सी प्रॉपर्टी नसल्यामुळे तिथं डायनॅमिकरिसोर्स चालतच नाही. लिहून पाहिलंत तर चूक लगेच समोर येते.

रिसोर्समधला तो नमुना एकच असतो आणि तो कितीही बाइंडिंग मिळून वापरतात. म्हणून कन्व्हर्टरच्या पोटात काही लक्षात ठेवू नका. ‘मागचं वजन’ असं एखादं फील्ड त्यात ठेवलं, तर पहिल्या पट्टीचं वजन तिसऱ्या पट्टीच्या हिशेबात घुसेल. ही चूक शोधायला फार वेळ जातो, कारण एकेक पट्टी उघडून तपासली तर सगळं बरोबर दिसतं.

पहिल्याच दिवशी लागणाऱ्या ठेचा

कन्व्हर्टला मूळ किंमत ऑब्जेक्ट म्हणून मिळते. माहितीत पूर्णांक असेल आणि तुम्ही त्यावर थेट डेसिमलचा कास्ट केलात, म्हणजे ‘हा डेसिमलच समज’ असं सांगितलंत, तर प्रोग्राम पडतो. पेटीत बंद झालेली किंमत ज्या प्रकारची असेल त्याच प्रकारात बाहेर काढता येते, पूर्णांक पेटीतून डेसिमल म्हणून निघत नाही. उपाय म्हणजे सिस्टिम.कन्व्हर्ट या क्लासची टूडेसिमल मेथड. आणि इथं ‘सिस्टिम’ लिहायला विसरायचं नाही. आपल्या क्लासमध्ये कन्व्हर्ट नावाचीच मेथड आहे, त्यामुळे नुसतं कन्व्हर्ट.टूडेसिमल लिहिलं की कंपायलरला वाटतं आपण त्या मेथडबद्दल बोलतोय, आणि तो अडून बसतो. नव्या माणसाला ही चूक वाचूनही उमगत नाही.

दुसरी ठेच रिकाम्या किमतीची. पट्टी नुकतीच उघडली, वजन अजून झालंच नाही, अशा वेळी कन्व्हर्टला नल मिळू शकतो. तो आधी तपासा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची: डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग इंजिन तुमच्या कन्व्हर्टरमधून उडालेलं एक्सेप्शन झेलत नाही. एरवी बाइंडिंग मोठ्या मनाचं असतं. पाथ चुकला तर आउटपुट खिडकीत एक ओळ लिहून पुढे जातं. पण कन्व्हर्टरमधलं एक्सेप्शन थेट चालू प्रोग्रामची चूक ठरतं आणि बाजार भरलेला असताना खिडकी बंद पडू शकते. म्हणून जे बदलता येत नाही त्यासाठी कन्व्हर्टमधून डिपेंडन्सीप्रॉपर्टी.अनसेटव्हॅल्यू परत करा. त्याचा अर्थ ‘माझ्याकडे किंमत नाही’. मग बाइंडिंग आपली फॉलबॅकव्हॅल्यू दाखवतं, ती दिलेली नसेल तर त्या गुणधर्माची मूळ किंमत दाखवतं. याचा भाऊ म्हणजे बाइंडिंग.डूनथिंग. त्याचा अर्थ ‘काहीच करू नका, समोर आहे ते राहू द्या’. दोघांत गल्लत करू नका.

परतीचा रस्ता

जाताना सोपं असतं, खरी परीक्षा येताना होते. कन्व्हर्टला मिळणारी किंमत आपल्याच माहितीतली असते, तिची ओळख असते. कन्व्हर्टबॅकला मिळतं ते माणसानं घाईत टाइप केलेलं.

फक्त दाखवायचं असेल तर परतीची भानगडच नको. टेक्स्टब्लॉकचा टेक्स्ट मुळात एकतर्फीच असतो. टेक्स्टबॉक्सचा टेक्स्ट मात्र न सांगता दुतर्फा असतो, म्हणून तिथं गरज नसेल तर मोड वनवे करून ठेवा आणि कन्व्हर्टबॅकमध्ये नॉटसपोर्टेडएक्सेप्शन फेका. कुणी चुकून दुतर्फा वापरलाच तर विकासाच्या वेळीच ते उघडं पडेल.

आता दुतर्फा वजनाचं खोकं घ्या. मुनीम ४७.३५ टाइप करणार, आपण १०० नं गुणून ४,७३५ किलो साठवणार. चार ठिकाणी घात होऊ शकतो.

पहिला घात स्वल्पविरामाचा. घाईत टिंबाऐवजी स्वल्पविराम पडला आणि ‘४७,३५’ असं इंग्रजी अंकांत गेलं. मजकुरातून आकडा काढणाऱ्या (म्हणजे पार्स करणाऱ्या) डेसिमलच्या ट्रायपार्सला नेहमीची शैली दिली असेल तर ते हजारांचे स्वल्पविराम चालवून घेतं, आणि ते योग्य जागी आहेत का हे तपासत नाही. त्यामुळे उत्तर येतं ४,७३५ क्विंटल, म्हणजे ४,७३,५०० किलो. चूक शंभरपट आणि तक्रार शून्य. इलाज असा की पार्स करताना नंबरस्टाइल्समधून फक्त दशांश चिन्ह आणि आजूबाजूची मोकळी जागा यांना परवानगी द्या, हजारांच्या स्वल्पविरामाला नाही. मग ‘४७,३५’ नाकारलं जातं, आणि ते नाकारलं जायलाच हवं. पण याचा दुसरा अर्थ असा की जिथं टाइप करायचं त्या खोक्यात कन्व्हर्टनंही स्वल्पविराम घालून आकडा दाखवायचा नाही. नाहीतर आपणच लिहिलेलं आपणच नाकारू. स्वल्पविरामाचा देखणेपणा नुसत्या वाचायच्या जागांसाठी ठेवा.

दुसरा घात डबल या प्रकाराचा. १.१५ क्विंटल म्हणजे ११५ किलो. डबलमध्ये १.१५ गुणिले १०० केलं तर ११४.९९९९९९९९९९९९९ येतं, आणि त्यावर पूर्णांकाचा कास्ट मारला की राहतात ११४. शेतकऱ्याचा एक किलो कुणीही न खाता गेला. वजन आणि पैसा दोन्हीसाठी डेसिमलच वापरा. पूर्णांक करताना कास्ट मारू नका, मॅथ.राउंड वापरा, आणि त्याला मिडपॉइंटराउंडिंग.अवेफ्रॉमझीरो सांगा. न सांगितल्यास ते अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं: २.५ चे २ होतात, ३.५ चे ४. बाजारात पट्टी वाचणाऱ्या माणसाला हे पटवून देता येणार नाही.

तिसरा घात कमी दशांश दाखवण्याचा. माहितीत ४,७३७ किलो आहेत आणि जागा वाचवायला खोक्यात एकच दशांश ठेवला, तर दिसतात ४७.४. मुनिमानं शेवटचा अंक खोडला, पुन्हा तोच लिहिला आणि टॅब दाबला. झालं, साठले ४,७४०. तीन किलो कुठून आले हे कुणालाच सांगता येणार नाही. बदलता येणाऱ्या खोक्यात माहितीइतकीच बारीक किंमत दाखवली पाहिजे. किलोत साठवत असाल तर क्विंटलला दोन दशांश हवेतच.

चौथा घात टाइप करता करताच होतो. टेक्स्टबॉक्सचं बाइंडिंग एरवी खोक्यातून बाहेर पडल्यावर माहितीत किंमत टाकतं. काही जण अपडेटसोर्सट्रिगर बदलून प्रॉपर्टीचेंज्ड करतात, म्हणजे प्रत्येक कळीला किंमत जावी. मग ‘४७.’ टाइप करताच कन्व्हर्टबॅक ४,७०० साठवते, बाइंडिंग ती किंमत पुन्हा वाचून कन्व्हर्ट करतं, आणि डॉट नेट ४.५ पासून खोक्यातलं टिंब गायब होतं. दशांश टाइपच करता येत नाही. आकड्यांच्या खोक्यांना मूळची लॉस्टफोकस हीच रीत ठेवा. प्रत्येक कळीला अपडेट हवंच असेल तर व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे पडद्याला माहिती पुरवणाऱ्या क्लासमध्ये, मजकुराची वेगळी प्रॉपर्टी ठेवून तिथं पार्स करणं जास्त सुखाचं.

आणि किंमत नाकारायची कशी? कन्व्हर्टबॅकमधून एक्सेप्शन फेकायचं नाही, ते व्हॅलिडेट्सऑनएक्सेप्शन्सलाही सापडत नाही. त्या सोयीला माहितीच्या सेटरमधून आलेली एक्सेप्शन्स कळतात. नुसतं डूनथिंग परत केलं तर माहिती जुनीच राहते आणि खोक्यात नवं, चुकीचं दिसत राहतं. पडदा एक सांगतो, छापलेली पट्टी दुसरं. म्हणून बाइंडिंगवर एक व्हॅलिडेशनरूल लावा. तो न बदललेला, टाइप केलेला कच्चा मजकूर कन्व्हर्टबॅकच्या आधीच पाहतो. तिथं चूक सापडली की खोक्याला लाल चौकट येते आणि कन्व्हर्टबॅकपर्यंत गोष्ट जातच नाही. तपासणी आणि रूपांतर दोघांनी पार्स करायची एकच सामाईक मेथड वापरावी, नाहीतर एक दार उघडं आणि दुसरं बंद असं होतं.

रुपयांच्या जागी डॉलर का येतो

संगणकाची प्रादेशिक सेटिंग भारताची आहे, तारीख-वेळ सगळी भारतीय रीतीनं दिसते. आपण टेक्स्टब्लॉकला चलनाचा स्ट्रिंगफॉरमॅट लावतो, आणि ४७.३५ क्विंटल तूर, समजा ७,२०० रुपये भावानं, यांचे ३,४०,९२० रुपये व्हायला हवेत तिथं डॉलरच्या चिन्हापुढे ३४०,९२० झळकतात. चिन्ह चुकलं आणि लाखाचा स्वल्पविरामही चुकला.

कारण साधं आहे, फक्त कुणी सांगत नाही. डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग कल्चर विंडोजकडून घेत नाही. ते टार्गेट घटकाच्या लँग्वेज या गुणधर्मावरून घेतं, आणि त्याची मूळ किंमत अमेरिकन इंग्रजी आहे. कन्व्हर्टरला मिळणारं चौथं आर्ग्युमेंटही तेच. त्यामुळे ज्यानं कन्व्हर्टरमध्ये प्रामाणिकपणे मिळालेलं कल्चर वापरलं त्याच्याकडे डॉलर येतो, आणि ज्यानं करंटकल्चर वापरलं त्याच्याकडे रुपया. हा उलटा न्याय पाहून माणूस गोंधळतो.

एकाच बाइंडिंगपुरतं हवं तर कन्व्हर्टरकल्चरमध्ये मराठी-भारत किंवा हिंदी-भारत यांचा कोड द्या. सगळ्या प्रोग्रामसाठी हवं तर सुरुवातीलाच, पहिली खिडकी उघडायच्या आधी, फ्रेमवर्कएलिमेंटच्या लँग्वेज प्रॉपर्टीचा मेटाडेटा ओव्हरराइड करून त्यात चालू कल्चर घाला. हे एकदाच करायचं, त्याच प्रकारासाठी दुसऱ्यांदा केलं की एक्सेप्शन येतं. टेक्स्टब्लॉकच्या आत रन वापरून बाइंडिंग करत असाल तर एक पळवाट उरते. रन फ्रेमवर्ककन्टेंटएलिमेंटच्या घराण्यातला आहे, त्याच्यापर्यंत हा ओव्हरराइड पोचत नाही. तिथं कन्व्हर्टरकल्चर वेगळं द्या.

भारतीय कल्चर लागलं की स्वल्पविराम आपोआप आधी तीन आणि मग दोन-दोन अंकांवर पडतात. ते कल्चर मराठी असेल तर तारखांना मराठी महिन्यांची नावं मिळतात. मात्र डॉट नेट ५ पासून विंडोजवरही ही माहिती आयसीयू नावाच्या लायब्ररीतून येऊ लागली, त्यामुळे जुन्या फ्रेमवर्कवर छापलेली तारीख आणि नव्यावर छापलेली तारीख यांत बारीक फरक पडू शकतो. पट्टीसारख्या कागदावर ‘लहान तारीख’ असं मोघम सांगण्यापेक्षा दिवस, महिना, वर्ष यांचा क्रम स्वतः लिहून द्यावा.

स्ट्रिंगफॉरमॅटबद्दल दोन गोष्टी इथंच. कन्व्हर्टर आणि स्ट्रिंगफॉरमॅट दोन्ही असतील तर आधी कन्व्हर्टर चालतो. आणि स्ट्रिंगफॉरमॅट फक्त मजकुराच्या प्रकारच्या टार्गेटवर लागतो. लेबलचा कन्टेंट हा ऑब्जेक्ट आहे, तिथं तो गप्प बसतो. लेबलला कन्टेंटस्ट्रिंगफॉरमॅट द्यावा लागतो.

देवनागरी अंक

पट्टीवर ४७.३५ असं देवनागरीत दिसावं ही अपेक्षा रास्तच आहे. शेतकऱ्याला पट्टी स्वतः वाचता आली पाहिजे. पण मराठी कल्चर दिलं तरी डॉट नेटची टूस्ट्रिंग इंग्रजी अंकच देते. दोन मार्ग आहेत.

नुसतं दाखवायचं असेल तर नंबरसबस्टिट्यूशन हा जोडगुणधर्म वापरा. कल्चरसोर्सला ओव्हरराइड, कल्चरओव्हरराइडला मराठी-भारत आणि सबस्टिट्यूशनला नेटिव्हनॅशनल द्या. मजकूर आतून इंग्रजी अंकांतच राहतो, डब्ल्यूपीएफ अक्षरं रंगवताना देवनागरी अंक काढतं. कॉपी केलं की इंग्रजी अंकच जातात, जे एक्सेलमध्ये चिकटवणाऱ्याच्या फायद्याचं आहे.

मजकूरच देवनागरी हवा असेल, म्हणजे एसएमएस पाठवायचा किंवा फाइल लिहायची, तर कन्व्हर्टरमध्ये एकेक अंक बदला. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि देवनागरी शून्याचा २४०६, पुढचे नऊ अंक दोन्हीकडे ओळीनं लागलेले. म्हणजे जाताना २३५८ मिळवा, येताना वजा करा. येतानाचं हे वजा करणं विसरू नका. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला ‘४’ कॅर.इजडिजिटला अंक वाटतो, ते ‘हो’ म्हणतं. पण डेसिमलचं ट्रायपार्स त्याला ओळखत नाही, ‘नाही’ म्हणतं. आधी इजडिजिटनं तपासून मग बिनधास्त पार्स करणारा कोड इथंच कोसळतो. कन्व्हर्टबॅकमध्ये पहिल्याच ओळीत देवनागरी अंक इंग्रजी करा, मग पार्स.

हो-नाही, रंग आणि रेडिओ बटणं

‘उधारी असेल तरच मुदतीचं खोकं दाखव’ यासाठी नवा क्लास लिहायची गरज नाही. बूलियनटूव्हिजिबिलिटीकन्व्हर्टर डब्ल्यूपीएफमध्ये तयार आहे. तो ‘नाही’ला कोलॅप्स्ड देतो, म्हणजे खोकं जागाही सोडतं. जागा राखून लपवायचं असेल तर हिडन लागतं, त्यासाठी मात्र स्वतःचा लिहावा लागेल.

नगदी की उधारी अशी दोन रेडिओ बटणं एकाच ईनमला (ठरावीक पर्यायांच्या प्रकाराला) बांधायची तर पॅरामीटर कामी येतो. कन्व्हर्टमध्ये किंमत पॅरामीटरइतकीच आहे का ते सांगा. कन्व्हर्टबॅकमध्ये बटण लागलं असेल तर पॅरामीटर परत करा, उतरलं असेल तर डूनथिंग. हे डूनथिंग विसरलं तर उतरणारं बटण माहितीत भलतीच किंमत लिहून ठेवतं. पॅरामीटर झॅमलमध्ये साधा लिहिला तर तो मजकूर म्हणून येतो आणि ईनमशी कधीच जुळत नाही. एक्स:स्टॅटिकनं खरी ईनम किंमत द्या.

रंगांच्या बाबतीत थोडा स्पष्ट मतभेद नोंदवतो. ‘३० दिवसांवरची उधारी लाल’ असा कन्व्हर्टर लिहिलेला अनेक ठिकाणी दिसतो. तो लिहू नये. ३० दिवस हा व्यवहाराचा नियम आहे, पडद्याचा नाही. उद्या छापील यादीतही तोच नियम लागेल आणि तिथं कन्व्हर्टर नसेल. व्ह्यूमॉडेलमध्ये ‘थकलेली’ अशी हो-नाहीची प्रॉपर्टी ठेवा. तिच्यावरून लाल रंग देणं हे कन्व्हर्टरचं काम, किंवा त्याहून सोपं म्हणजे स्टाइलमधल्या डेटाट्रिगरचं. रंग परत करताना दरवेळी नवा ब्रश बनवू नका. एकदा बनवून, फ्रीझ करून, तोच देत राहा.

एकाहून जास्त किमती

वजन किलोत, क्विंटलमध्ये की टनात पाहायचं हे वरच्या कॉम्बोबॉक्समधून निवडू द्यायचं ठरलं. सहज सुचतं की निवडलेलं एकक पॅरामीटरला बांधावं. ते जमत नाही. कन्व्हर्टरपॅरामीटरला बाइंडिंग लागत नाही. कन्व्हर्टरच्या आतून एखाद्या जागतिक चलातून एकक वाचलं तर आणखी वाईट. एकक बदलल्याचं बाइंडिंगला कळत नाही, कन्व्हर्टर पुन्हा चालत नाही, आणि अर्ध्या ओळी क्विंटलमध्ये, अर्ध्या टनात असा पडदा दिसतो.

इथं मल्टीबाइंडिंग वापरा. त्यात दोन बाइंडिंग द्या, वजन आणि एकक, आणि आयमल्टीव्हॅल्यूकन्व्हर्टर लिहा. त्याच्या कन्व्हर्टला किमतींचा ॲरे मिळतो, झॅमलमध्ये ज्या क्रमानं लिहिल्या त्याच क्रमानं. दोघांपैकी काहीही बदललं की तो पुन्हा चालतो. खिडकी उघडताना मात्र एखादी किंमत अजून आलेली नसते आणि ॲरेमध्ये तिच्या जागी अनसेटव्हॅल्यू बसलेली असते. तिच्यावर कास्ट मारला की नेम्डऑब्जेक्ट असं अनोळखी नाव असलेली चूक येते. ते नाव दिसलं की ओळखा, ॲरे तपासायचा राहिला. आणि टार्गेट मजकुराचं असेल तर इथून मजकूरच परत करा, आकडा तसाच सोडू नका.

वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई, ही निव्वळ रक्कम मात्र मल्टीबाइंडिंगनं काढू नये. तो हिशेब आहे, त्याची जागा व्ह्यूमॉडेलमध्ये.

वेग आणि शोध

कन्व्हर्टर पडद्याच्याच थ्रेडवर चालतो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली की यादीत शेकडो ओळी असतात, आणि स्क्रोल करताना प्रत्येक नव्या ओळीसाठी कन्व्हर्टर पुन्हा बोलावला जातो. त्यात डेटाबेसला हात लावला किंवा फाइल उघडली की यादी अडखळते.

किंमत का दिसत नाही ते कळत नसेल तर आधी आउटपुट खिडकी वाचा. क्रमांक ४० ची बाइंडिंग चूक म्हणजे पाथमधली प्रॉपर्टी सापडली नाही, कन्व्हर्टरचा दोष नाही. तिथंही काही नसेल तर त्या बाइंडिंगवर प्रेझेंटेशनट्रेससोर्सेसची ट्रेसलेव्हल हाय करा, मग किंमत कुठून निघाली, कन्व्हर्टरनं काय केलं, शेवटी काय पोचलं हे टप्प्याटप्प्यानं छापलं जातं.

दुसऱ्या चौकटींमध्ये कल्पना हीच, तपशील वेगळे. विनयूआयमध्ये चौथं आर्ग्युमेंट कल्चर नसून भाषेच्या नावाचा मजकूर असतो, त्यामुळे डब्ल्यूपीएफमधला क्लास जसाच्या तसा चालत नाही. तिथल्या एक्स:बाइंडमध्ये थेट फंक्शन बोलावता येतं, म्हणून कितीतरी कन्व्हर्टर लिहावेच लागत नाहीत. माउई आणि ॲव्हलोनिया यांच्यात दिसणं-लपणं हे सरळ हो-नाहीचं असतं, आणि ॲव्हलोनियात पाथच्या आधी उद्गारचिन्ह लावलं की उलटं होतं.

कन्व्हर्टर हा शेवटी साधा क्लास आहे, त्याला खिडकी न उघडता तपासता येतं. ०, १, ९९, १००, ११५, ४,७३५ आणि ४,७३७ किलो, प्रत्येक आकडा कन्व्हर्टमधून नेऊन कन्व्हर्टबॅकमधून परत आणा. निघाला तोच किलो परत आला पाहिजे. त्यानंतर नल, रिकामा मजकूर, नुसतं टिंब, ‘४७,३५’ आणि देवनागरीतलं ४७.३५ द्या. पहिले चार नाकारले जावेत, एक्सेप्शनशिवाय. पाचव्यातून ४,७३५ किलो निघाले पाहिजेत. हीच तपासणी एकदा अमेरिकन आणि एकदा मराठी कल्चर देऊन चालवा.